टेस्टर

डॉक्टर विचारतात, करंट लागल्यासारखं होतं का?
फॉर्मवर तसे रकाने आहेत : करंट, मुंग्या, आग, सुया.
एकावर खूण करायची.

नाही ना जी, मी म्हणतो.
एकतीस वर्षं पोलवर काढलीत मी,
काटोल नाक्यापासून थेट दाभ्यापर्यंत.
करंट मला ओळखतो. दोनदा फेकलं त्यानं,
एकदा कोपराचं कातडं घेऊन गेला.
पण तो धरतो आणि सोडतो.
हे सोडत नाही.
याला दुसरं नाव शोधा.

धंतोलीत, दुसऱ्या मजल्यावर, पालथं झोपवलं होतं.
पोटाखाली उशी, पाठीवर गुणगुणतं मशीन,
हलू नका काका, हलू नका.
पहिली सुई कळलीच नाही.
दुसरी हाडाला लागून परत फिरली.
तिसरीला डाव्या अंगठ्यात कोणीतरी काडी ओढली
आणि मी हललो.
कोणी काही बोललं नाही.
कुणाच्या तरी खिशात फोन थरथरत होता,
तेवढाच आवाज.

त्याआधी सही केली होती.
सव्वा पान बारीक अक्षर, चष्मा घरी.
हजारात एखाद्यालाच होतं असं, सही घेणारी पोरगी म्हणाली.
आमची माय म्हणायची, माझा बाबू लाखात एक.
मायच्या शब्दाचा भाव पडला,
लाखाचा हजारावर आला,
पण शब्द खरा ठरला.

पाच दिवस डोकं उचलता आलं नाही.
बसलो की कवटीतलं पाणी गळून जावं तसं,
आडवा झालो की बरा.
घरात कॉफी कधी नव्हतीच;
विमलनं कोपऱ्यावरून पुड्या आणल्या
आणि चमच्यानं पाजली, औषध म्हणून.
मे महिना. कूलरच्या खसातून थेंब उडायचे,
चेहऱ्यावर गार,
डाव्या पावलावर तेच थेंब निखारे.
तेव्हा कळलं, डोकेदुखी नुसती पाहुणी होती.
भाडेकरू खाली राहायला आलाय.

चादर नको. मोजा नको.
नातीनं पायावर हात ठेवला, ओरडलो तिच्यावर.
आता ती उजव्या बाजूनंच येते.
चार वर्षांची आहे,
डावं-उजवं माझ्यामुळे शिकली.

कंबर म्हणाल तर बरी आहे.

आमच्यात नियम होता : लाइनला हात लावण्याआधी परमिट,
मग रॉड, मग अर्थिंग, मग चढायचं.
तरी गजभिये गेलाच, परमिट खिशात असताना.
पलीकडच्या लॉनवर लग्न होतं,
कोणीतरी जनरेटर उलटा जोडला होता.
चौकशीत लिहिलं, सर्व नियम पाळले गेले.
माझ्या फाइलीतही तसंच आहे :
एमआरआय नॉर्मल, सुई योग्य जागी.
डॉक्टरवर मला धड रागावता येत नाही.
गजभियेच्या बायकोला तो कागद
मीच वाचून दाखवला होता.

काल रात्री अडीचला लाइन गेली.
कूलर थांबला, गोरेवाड्याकडे कुत्री भुंकली,
सारी वस्ती काळी,
माझी पोटरी तेवढी चालू.
गोळीनं गरगरत उठलो,
ड्रॉवरमधून जुना टेस्टर काढला, पिवळ्या मुठीचा,
आणि अंगठ्याला लावला.

विमल जागीच होती.
लागला का?
नाही.
हसेल असं वाटलं. हसली नाही.
टेस्टर माझ्या हातातून घेतला,
अंधारातच उलटसुलट केला
आणि म्हणाली, याचा सेल गेला असन जी.

टेस्टरला सेल नसतो.
मी काही बोललो नाही.